दोन नावांचा नियम

वैजनाथला नियम करायची भारी हौस. मूळचा वाशिमचा, पण सदाशिव पेठेतल्या खोलीत नऊ वर्षं काढल्यावर पाट्या लावायची खोड लागणारच की माणसाला! नोकरी आयटीतली, पण जीव सगळा एका ओपन सोर्स संग्रहात. कुणीही आपल्या प्रोग्रॅममध्ये फुकट वापराव्यात अशा तयार कोडच्या चाळीस लायब्रऱ्या होत्या त्यात, आणि त्या जुन्या मशीनवरही बिल्ड व्हाव्यात, म्हणजे कोडमधून चालत्या रूपात तयार व्हाव्यात, म्हणून लागणाऱ्या फाइली हा सांभाळायचा.

संग्रहाची नियमावलीही त्यानंच लिहिलेली. प्रत्येक बिल्ड पद्धतीला दोन सांभाळणारे हवेत. एक गेला आणि सहा महिन्यांत दुसरा मिळाला नाही, तर ती पद्धत फाइलींसकट काढून टाकायची. जुन्या मशीनच्या पद्धतीतला त्याचा जोडीदार अनंत कॅनडाला गेला, त्याला मुलगी झाली, त्यानं नाव काढून घेतलं. ते सहा महिने आज, रविवारी, संपत होते. सात वर्षांचं काम जाणार होतं.

ऑफिसातल्या केदारनं एका चहावर नाव दिलं असतं. पण नावापुरतं नाव वैजनाथला नको होतं. मग त्याला वल्लरी आठवली. दोन वर्षांपूर्वी तिनं आपणहून ह्याच फाइलींतली एक दुरुस्ती पाठवली होती. त्यानं ती शोधून उघडली. दुरुस्ती अगदी बरोबर, फक्त फाइल चुकीच्या फोल्डरात. आणि खाली ह्या शहाण्याचं उत्तर: 'नियम क्रमांक चार वाचावा. वाचता येत असेल तर.' वैजनाथचे कान तापले. अरे, असं बोलतात का कुणाशी!

त्यानं तिची माफी मागितली आणि विचारलं, याल का जोडीला? तासाभरात उत्तर आलं. 'माफी कसली, मी तेव्हाच विसरले. पण आता दुसरी पद्धत वापरते, सॉरी.' ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

रविवारी संध्याकाळी मेस बंद. त्यानं खिचडीचा कुकर लावला आणि सगळ्या फाइली काढायचा बदल स्वतःच्याच हातानं पाठवला. त्या बदलाला संग्रहातल्या आणखी दोघांची मंजुरी लागणार होती. बसा आता महिनाभर वाट बघत, तो मनात म्हणाला.

दुसरी शिट्टी व्हायच्या आत अकरा जणांनी मंजुरी दिली. त्यातली नऊ नावं त्यानं कधी पाहिलीसुद्धा नव्हती. 'कुणी सांभाळत होतं का हे?' एकानं सहज विचारलं होतं.

वैजनाथला रडूच फुटलं. 'मी,' असं त्यानं लिहिलं.