रंगनाथ अण्णा मयत

मतदार यादीचं काम गळ्यात पडलं की भले भले शिक्षक कपाळाला हात लावतात. वर्ग सांभाळा, पोषण आहार सांभाळा, आणि वर दारोदार फिरून विचारा, "घरात कुणी वारलं का? लग्न होऊन कुणी गेलं का?" सायखेड्याच्या पलीकडं, गोदाकाठच्या त्या गावात मात्र हर्षाली मॅडमनी हे काम चक्क मागून घेतलं. हेडमास्तर चकित झाले. त्यांना काय ठाऊक, मॅडमना अख्ख्या यादीतलं एकच नाव हवं होतं!

नाव होतं गावचे पुढारी रंगनाथ अण्णा यांचं. विधानसभेचं पहिलं मत अण्णांचं, हा गावचा वीस वर्षांचा शिरस्ता. सकाळी सातच्या ठोक्याला कडक इस्त्रीतले अण्णा पुढं आणि बाकीची रांग मागं. मत दिलं की शाईचं बोट मिरवत पारावर बसायचं आणि कुणी कुठलं बटण दाबायचं तेही सांगायचं.

हर्षालीची आई लंकाबाई तेवढी त्यांना जुमानत नव्हती. २०१९च्या विधानसभेआधी तिनं आळीतल्या बायांना सांगितलं होतं, "अण्णा सांगतील तिथं नाय, आपल्या मनाला येईल तिथं बटण दाबायचं." मतदानाच्या दिवशी ती न्हाऊन, नवं लुगडं नेसून, चहाचा घोटही न घेता रांगेत उभी राहिली. मत दिल्याशिवाय ती कधी खात नसे. दोन तासांनी नंबर आला, तर आतल्या साहेबांनी यादी चाळून सांगितलं, "आजी, तुमचं नाव कमी केलंय. कारण, मयत."

रांगेत हशा पिकला. पारावरून अण्णा ओरडले, "लंकाबाई, तेराव्याचं जेवण कधी घालताय?"

आई घरी आली आणि चूल न पेटवता बसून राहिली. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "हर्षे, मी खरंच मेले का गं?" पुढच्याच वर्षी ती खरोखर गेली. तिच्या दहाव्याला, घाटावर उभं राहून, हर्षालीनं मनाशी गाठ मारली. या माणसाला सोडायचं नाही!

आणि आता २०२४ उजाडलं होतं. विधानसभा दारात आली होती, आणि यादी हर्षालीच्या हातात होती.

काम सोपं होतं. नाव कमी करण्याचा फॉर्म भरायचा, सोबत शेजारच्या दोन पंचांच्या सह्यांचा पंचनामा जोडायचा. भिंतीवर चिकटवलेली यादी गावात वाचतो कोण? अण्णांशी बांधावरून भांडलेल्या शेखरनं तर हसत हसत पहिली सही ठोकली. हर्षालीच्या डोळ्यांपुढं सारखं एकच चित्र येई: सकाळचे सात, इस्त्रीतले अण्णा, आणि साहेब सांगताहेत, "तुम्ही मयत आहात." त्या चित्रानं तिला अन्न गोड लागे.

दुसऱ्या सहीसाठी ती नवसाबाईकडं गेली. नवसाबाई आईची जिवाभावाची मैत्रीण, त्या दिवशी रांगेत आईच्या मागंच उभी होती. ती नाही म्हणणार नाही, याची हर्षालीला खात्री होती.

नवसाबाईनं पेन घेतलं, मग थांबली. "वाचून दाखव."

हर्षालीनं वाचलं, "सदर मतदार रंगनाथ हे मयत झाले असून..."

नवसाबाईनं पेन खाली ठेवलं. "तुझ्या आईच्या वेळी मी वाचून दाखव म्हणलं नव्हतं."

"म्हणजे?"

"त्या कागदावर माझी सही हाय, पोरी. तवाचा मास्तर आला, संगं अण्णा होता. निराधारच्या पगाराचा कागद हाय म्हणाले. कागद कोरा होता. मी केली सही."

हर्षालीच्या अंगाची लाही लाही झाली. "तू? माझ्या आईच्या ताटात जेवलेली तू, मावशी?"

"शिव्या दे. पाच वरसं झाली, कुणाला सांगायची हिंमत झाली नाय. पण एक ऐक. अण्णा नुसता बोलला. सही माझी होती, अन् नाव खोडलं ते मास्तरच्या पेनानं. असली माणसं सोता पेन धरत नायत. आज त्या मास्तरच्या जागी कोण बसलंय बघ."

"त्यानं माझ्या आईला जिवंतपणी मारलं!"

"मारलं. म्हणून तू बी तसंच मारणार? चोरून? अन् उद्या शेखर म्हणंल, मॅडम, अण्णाला खोडलं, आता माझ्या चुलत्याला खोडा. मंग त्याला कोणत्या तोंडानं नाय म्हणशील?"

हर्षालीनं कागदाकडं पाहिलं. 'मयत' हा शब्द तिच्या स्वतःच्या वळणदार अक्षरात होता. शाळेत पोरांना गिरवायला देते, तेच अक्षर! तिला स्वतःचीच शिसारी आली. तिनं फॉर्म आणि पंचनामा दोन्ही टराटरा फाडले. राग मात्र तसाच होता, आणि तो तिला आता लपवायचा नव्हता.

ग्रामसभेत मतदार यादीचं वाचन करायचं असतं. दरवर्षी ते इतिवृत्तात दोन शब्दांत उरकत: 'वाचन झाले.' यंदा हर्षालीनं माईक घेतला आणि एकेक नाव वाचलं. ज्याचं नाव येई तो 'हाय' म्हणे.

"रंगनाथ."

अण्णा मोबाइलमध्ये बघत होते. "हं."

"नीट सांगा अण्णा. जिवंत हाय की नाय? माझ्या आईला हे कुणी विचारलं नव्हतं."

तेवढ्यात नवसाबाई काठी टेकत उठली आणि कोऱ्या कागदाची सगळी गोष्ट, मास्तरासकट, अण्णांसकट आणि स्वतःसकट, सांगून मोकळी झाली. अण्णांचा चेहरा उतरला. बाया त्यांच्याकडं बघत होत्या.

"अण्णा, मोठ्यानं," हर्षाली म्हणाली. "मला लिहायचंय."

"...हाय."

त्याच आठवड्यात नवसाबाईचा जबाब तहसीलदारांकडं गेला. मतदानाच्या दिवशी सातला अण्णा आले, तेव्हा लंकाबाईच्या आळीतल्या बाया साडेसहापासून रांगेत होत्या आणि सगळ्यांत पुढं नवसाबाई होती. अण्णा सवयीनं पुढं सरकले. एकही बाई हलली नाही. अखेर पुढाऱ्याला रांगेच्या शेवटी जावं लागलं, आणि तिथं ते तासभर उभे राहिले.

वाचकहो, यादी भिंतीवर लागली की आपलं नाव वाचा, शेजारणीचंही वाचा. कोऱ्या कागदावर सही करू नका, मग मागणारा कितीही मोठा असो. आणि कुणावर फारच राग असेल, तर त्याचं मत हिरावू नका, आपलं मत द्या. हर्षालीनं तेच केलं. बाहेर येऊन तिनं शाईचं बोट रांगेतल्या अण्णांना दाखवलं, आणि मगच घरी जाऊन चहा घेतला.