पाळण्याची जागा

पलीकडच्या काठावर टक् असा आवाज झाला. वाळकी काटकी मोडावी तसा. तो रोजचाच होता, म्हणून मी मान वर केली नाही. पण त्याच्या मागोमाग माझ्या अगदी जवळून काहीतरी घूंऽ करत गेलं आणि हातातल्या ओल्या चादरीला बारीकसा हिसका बसला.

भुंगा असेल असं वाटलं. मग मी चादर दोन्ही हातांनी ताणून धरली, तर तिच्यातून तळं दिसत होतं.

भोक गोल नव्हतं. आडवं, फाटकं, शर्टाच्या काजाएवढं. माझ्या कमरेच्या जरा वर. ठकूला मी कडेवर घेते ना, तेव्हा तिची पाठ जिथे येते तिथे.

ठकू आत पाळण्यात होती, स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालण्याच्या उद्योगात. तिला उचललं, पुढून-मागून उलटीसुलटी करून पाहिली. तिला वाटलं खेळ चाललाय. खिदळायला लागली. मी तिला एका बाजूला आणि चादर दुसऱ्या बाजूला घेतली आणि बांधावरून तळ्याला अर्धा वळसा घालून थोरल्यांच्या काठावर गेले.

थोरले म्हणजे माझे मोठे दीर. मासे वाढवायचं हे तळं दोघा भावांचं, पण त्याबद्दल बोलायचं एकट्या थोरल्यांनी. त्यांचं घर त्या काठावर, आमची खोली समोरच्या काठावर, डाव्या कोपऱ्यात. बोटभर लांबीची माशांची पिल्लं, आम्ही त्यांना बोटुकली म्हणतो, ती तळ्यात सोडली की पाणकावळे येतात. त्यांच्यासाठी थोरल्यांनी छोटी रायफल घेतली होती. सकाळी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे, रायफल मांडीवर, पायाशी चपट्या दगडांचा ढीग. पक्षी असला की गोळी, नसला की दगड फेकून पाण्यावर टप्पे काढायचे. एवढा मोठा माणूस, पण टप्पे मोजताना तोंडाचा चंबू व्हायचा.

"भाऊजी, गोळी आमच्याकडे आली." मी चादर त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी भोकातून बोट घातलं आणि पलीकडून माझ्याकडे बघून हलवलं. "उंदरानं खाल्लीय."

"माझ्या हातात होती चादर."

"मग धुताना फाटली असेल. कमी का आपटता तुम्ही."

"मी आवाज ऐकला. जवळून गेली."

"हे बघ." त्यांनी मला समजावायला घेतलं, मी शाळेत नापास झालेली असावी तसं. "पाणकावळा बसतो कुठे? पाण्यावर. मी मारतो कुठे? पाण्यावर. मग गोळी जाणार कुठे? पाणी गिळतं तिला. आणि तुझी खोली त्या कोपऱ्यात, माझा नेम ह्या कोपऱ्यात. आता गोळीला काय हातपाय फुटलेत, पोहत पोहत तुझ्याकडे यायला?"

आत ताई, म्हणजे माझी मोठी जाऊ, भांडी लावत होत्या. त्या हसल्या. मोठ्याने नाही, पण मला ऐकू येईल इतपत.

"आणि ही केवढीशी आहे बघ तरी," थोरल्यांनी एक काडतूस माझ्यापुढे नाचवलं. "करंगळीच्या नखापेक्षा लहान गोळी. जा, पोरीला ऊन लागतंय."

बोलणं संपलं हे कळावं म्हणून त्यांनी एक चपटा दगड उचलला आणि पाण्यावर भिरकावला. एक टप्पा, दुसरा, तिसरा. शेवटच्या टप्प्याला दगड एकदम डावीकडे वळला आणि आमच्या बाजूच्या बांधावर जाऊन आपटला.

मी त्या दगडाकडे बघत राहिले. थोरले पुढचा दगड शोधत होते.

*

दुपारी नवरा जेवायला आला. मी ताट वाढलं आणि ताटाशेजारी चादर ठेवली, भोक वर.

त्याने पाहिलं. "कुठे होतीस तू?" एवढंच विचारलं.

मला जे कळायचं ते तिथेच कळलं. कुणाच्याही बायकोच्या हातातल्या कपड्यातून गोळी गेली, तर तो माणूस आधी विचारतो, गोळी? कुठली गोळी? याने तसं काही विचारलं नाही. याला नवल वाटलं नाही.

माझा नवरा हा सरकणारा माणूस आहे. लग्न झालं तेव्हा मला हे फार आवडायचं. बसायला कुणी आलं की हा खुर्चीवरून उठून उंबऱ्यावर बसतो. थोरल्यांनी गाडी आमच्या वाटेत लावली, तर हा चिखलातून नवी वाट पाडतो आणि मलाही हात धरून त्या वाटेने नेतो, वर म्हणतो, इकडून सावली आहे. तळ्याचा जो कोपरा थोरल्यांना नको असतो, तो याला आधीपासूनच आवडत असतो. कुणाशी वाकडं नाही, कुणाला तोडून बोलणं नाही. सगळे म्हणतात, नशीब काढलंस बाई. मीही म्हणायचे.

माझी नजर पाळण्याकडे गेली. लाकडी, चार पायांचा, जाडजूड पाळणा. ठकू जन्मली तेव्हा तो खिडकीखाली होता. तिथून पाणी दिसायचं, उजेड छतावर हलायचा आणि ठकू त्या उजेडाशी बोलत पडायची. मग एके दिवशी मी बाजारातून आले, तर पाळणा आतल्या कोपऱ्यात, दगडी भिंतीच्या आड, चुलीच्या धुराजवळ. खिडकीतून वारा लागतो तिला, म्हणाला होता. मला केवढं कौतुक वाटलं होतं. ताईंना जाऊन सांगितलं होतं मी, यांचं किती लक्ष असतं म्हणून.

"पाळणा का हलवलास?"

"सांगितलं होतं ना, वारा…"

"वाऱ्याचं नाव घेऊ नकोस."

तो घास घेऊन तसाच बसला. मग घास ताटात ठेवला.

"पंपाच्या खोलीच्या पत्र्याला लागली होती एक. मी आत होतो. पत्र्याला पोचा आला, भोक नाही पडलं."

"थोरल्या दादांना बोललास?"

त्याने ताट जरा पुढे सरकवलं.

"त्यांना माहीत नाही, पाण्यावरून गोळी अशी येते ते?"

"माहीत आहे. म्हणजे सांगितलंय. रायफल घेतली तेव्हा दुकानदार आम्हा दोघांनाही बोलला होता. पाण्यावर मारू नका, दगडावर नाही, पत्र्यावर नाही. तिरपी लागली की उसळते आणि भलतीकडेच जाते. लहान म्हणून हसू नका, शिशाची गोळी, नरम आणि सावकाश, ती फुटत नाही, वाट बदलते. गोळीच्या मागे कायम माती पाहिजे, आणि त्या मातीमागे काय आहे तेही माहीत पाहिजे." त्याने हे सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं. रात्री कितीदा तरी मनात म्हटलं असणार.

"मग दादा काय म्हणाले?"

"विकणारे घाबरवतातच, म्हणाला."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार. मी पाळणा हलवला."

मी ओरडले नाही. ठकूचा नुकता डोळा लागला होता. ओरडायचं ते सगळं मला हळू आवाजात ओरडावं लागलं, आणि तसं केलं की घसा जास्त दुखतो.

"आणि मी? मी रोज सकाळी तिथे उभी असते. तिचे लंगोट, तिची दुपटी, तुझे शर्ट. मला कुठल्या कोपऱ्यात ठेवणार होतास?"

"दोरी मागच्या बाजूला घेणारच होतो," तो म्हणाला. "खांबसुद्धा पाहून ठेवलेत."

मला हसू आलं. खरंच आलं. खांबसुद्धा पाहून ठेवलेत. उद्या ठकू रांगायला लागेल, मग चालायला लागेल. हा तिच्यामागे खांब घेऊन फिरणार. तळं हलवता येत नाही म्हणून, नाहीतर तेही हलवलं असतं याने, पण भावाला एक शब्द नाही.

"जेव," मी म्हणाले. "गार होतंय."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूला पोटभर पाजलं आणि ताईंकडे नेलं. थोरल्यांच्या पाठीमागचं ते घर, रायफलीचं तोंड ज्या दिशेला कधीच नसतं अशी या तळ्यावरची एकच जागा.

"थोडा वेळ धरा हिला."

ताईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. कालचं हसू आज नव्हतं. "दे," म्हणाल्या, दुसरं काही विचारलं नाही.

परत येऊन मी पाळणा ओढायला घेतला. तो जड आहे हे मला माहीत होतं, इतका जड आहे हे नव्हतं. उंबऱ्यावर अडकला, तेव्हा मी त्याला लाथ घातली. एक पाय पुढे, दुसरा पाय पुढे, असा चालवत चालवत तो बांधावर नेला आणि पाण्याच्या कडेला ठेवला. आत तीच चादर पसरली, भोक असलेली, थोडी बाहेर लोंबती सोडून. नवरा समोरच्या काठालगत, थोरल्यांच्या पायऱ्यांजवळ पाण्यात उतरून जाळ्यात बोटुकली निवडत होता. त्याने मला पाहिलं. हातातलं जाळं तसंच राहिलं.

मग मी परत अर्धा वळसा घालून व्हरांड्यात, थोरल्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

पाणकावळे आले. तीन-चार, ओल्या कोळशासारखे, तळ्याच्या मधोमध उतरले. थोरल्यांनी रायफल खांद्याला लावली. एक डोळा मिटला. आणि मग तो मिटलेला डोळा उघडला.

"तिथे काय ठेवलंय ते?"

"पाळणा."

त्यांनी दचकून मागे पाहिलं. "पोर आहे का आत?"

मी पाळण्याकडेच बघत राहिले.

"विचारतोय मी, पोर आहे का त्यात?"

"असली तर काय झालं भाऊजी? पाणी गिळतं ना गोळी. मारा की."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"नेमही तिकडे नाही तुमचा. पाळणा डावीकडे आहे. पक्षी इकडे आहेत. गोळीला काय हातपाय थोडेच आहेत."

त्यांनी रायफल खाली घेतली. बाजूचा दांडा मागे ओढला, आतलं काडतूस बाहेर पडलं आणि फरशीवरून गडगडत खुर्चीखाली गेलं. मला त्यांची दया आली नाही.

मी वळून पाहिलं. दारात ताई उभ्या होत्या, ठकूला खांद्याशी धरून. आतून सगळं ऐकलं होतं त्यांनी, आणि थोरल्यांनी दोनदा विचारूनसुद्धा अवाक्षर काढलं नव्हतं. उलट आपली हनुवटी ठकूच्या तोंडापुढे धरली होती, चोखायला, तिने आवाज करू नये म्हणून. पण ठकूच ती. हनुवटी सोडून तिने एक लांब आरोळी ठोकली.

थोरल्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग ताईंकडे. मग चेहरा लालेलाल झाला.

"माझी परीक्षा घेता दोघी मिळून?"

"परीक्षा कसली," मी म्हणाले. "काल तुम्हीच शिकवलंत. शेवटी दगड कुठे गेला पाहिलात का तुम्ही? मी पाहिला. उंदीर-घुशी मारायच्या तर खाद्याच्या शेडमागे मातीचा उंच बांध आहे, त्याच्यापुढे मारा, माझं काही म्हणणं नाही. तळ्याला वरून जाळी बांधा, मी शिवून देते. पण पाण्यावर गोळी नाही. जोवर पाण्यावर गोळी आहे, तोवर पाळणा तिथेच."

"घर तुझ्या सांगण्यावर चालणार आता?"

मला जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं होतं आणि अंगातलं दूध दाटून आलं होतं.

थोरल्यांनी माझा नाद सोडला. खुर्चीवरून उठले, पायरीशी गेले आणि पाण्यात उभ्या असलेल्या धाकट्या भावाला हाक मारली. आवाज अगदी साधा होता. जन्मभर ज्या आवाजात त्याला कामं सांगितली, तोच.

"ए, जा रे. तो पाळणा उचल तिथून. पक्षी बसलेत."

नवरा पाण्याबाहेर आला. जाळं नीट घडी करून पायरीवर ठेवलं, पँट पिळली आणि निघाला. हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. नुसता निघाला, नेहमीसारखा. ओल्या पायांनी बांधावरून तो चालत होता आणि मी त्याची पाठ बघत होते. किती ओळखीची पाठ ती. आता हा पाळणा उचलणार, खांद्यावर घेणार, आतल्या कोपऱ्यात नेऊन ठेवणार, आणि संध्याकाळी मला सांगणार की बांधावर दव फार असतं. ताईंकडून मी ठकूला घेतलं. मनातल्या मनात मी माझ्या आईच्या घरी पोचलेसुद्धा होते.

तो पाळण्याजवळ पोचला. दोन्ही हात त्याच्या आडव्या दांडीवर ठेवले. पाळणा डुगडुगला, एक पाय उताराला होता.

वाटेत आमच्या बांधावर थोरल्यांचा तो कालचा चपटा दगड पडला होता. नवरा चार पावलं मागे आला, दगड उचलला, हाताने त्याची माती पुसली. मग गुडघ्यावर बसून तो त्या अधांतरी पायाखाली सरकवला. दांडी हलवून पाहिली. पाळणा आता हलत नव्हता.

मग तो उठला, चादरीचं लोंबतं टोक आत खोचलं, आणि आमच्याकडे न बघता, आला होता त्याच वाटेने परत जाळ्याकडे निघाला.