रंजिताच्या माहेरची वाट

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे. अंगावर थोडा गंज आहे हे खरं, पण माझ्या धारेबद्दल विचारायचं असेल तर दगडांनाच विचारा.

बाभुळगावच्या एका लोहारानं मोडक्या जीपच्या पाट्यापासून मला घडवलं. म्हणूनच अंगात जरा रग आहे. यवतमाळच्या सदाशिवरावांनी मला विकत घेतलं. ते कचेरीत कारकून. त्यांच्याकडे मला काम काय, तर गुलाबांच्या कुंड्यांतली माती उकरायची! हे मला शोभतं का, तुम्हीच सांगा. पुढे तेही बंद झालं आणि मी न्हाणीघरामागे पडून राहिले.

एकदा त्यांच्या लेकीनं, अनघानं मला शोधून काढलं. ती आणि तिची मित्रमंडळी दरवर्षी सुट्टीत रानातली एखादी बंद पडलेली वाट श्रमदानानं मोकळी करत. त्या वर्षी झरी जामणीकडच्या एका बंजारा तांड्याची वाट निवडली होती. नाल्यापाशी दरड कोसळून ती अडली होती.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आम्ही तांड्यावर ज्यांच्याकडे उतरलो, त्या देवसिंग आणि जमनी या नवरा-बायकोच्या घरात भाव नसल्यानं कापूस आढ्यापर्यंत रचलेला होता. दमून आलेल्या शहरी मंडळींनी गादी समजून त्यावरच ताणून दिली आणि थोड्याच वेळात सगळे अंग खाजवत उठले. साठवलेल्या कापसाची खाज त्यांना कुठून ठाऊक असणार? जमनीनं हसत हसत त्यांच्या अंघोळीला कडुलिंबाचा पाला घालून पाणी तापवलं. आपल्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी एवढं हसलं, असं देवसिंग म्हणाला.

पण जमनीला एक घोर लागला होता. तिची लेक रंजिता हिचं लग्न आठवड्यावर आलं होतं. जीप दारापर्यंत येत नसेल तर लग्न मारेगावच्या हॉलात करू, असा व्याही धरमसिंग यांचा निरोप होता. त्या तांड्याची रीत अशी, की सासरी निघताना नवरी सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहते आणि गाण्यातून माहेराचा निरोप घेते.

"पोरी, माह्या मायनं मले असंच धाडलं," जमनी अनघाला म्हणाली. "हॉलात बैल कुठं उभा करू मी?"

मग काय, मी जी कामाला लागले! बाकी सगळी फावडी नि घमेली, कुदळ मी एकटीच. देवसिंगच्या हातात मी माती उकरली, दगड सुटे केले, पाणी जायला चर काढला. अनघाच्या तळहातांना फोड आले, तरी ती घमेली वाहतच होती. वऱ्हाड यायच्या आदल्या दिवशी वाटेत एकच मोठा धोंडा उरला. देवसिंगनं त्याच्या बुडाशी मला घालून जोर लावला आणि माझा दांडा काडकन मोडला. दुसरा दांडा कुणाकडेच नव्हता.

जमनी घरी गेली आणि बैलगाडीच्या कडेची एक उभारी, म्हणजे माल अडवणारा उभा दांडा, उपटून घेऊन आली.

"अवं, गाडीत कापूस कसा राहीन मंग?" देवसिंग म्हणाला.

"तसाही घरातच हाय कापूस. पोरगी तर माह्या दारातून जाईन."

ती उभारी तासून देवसिंगनं मला बसवली. मी धोंड्याखाली अशी शिरले, की तो गडगडत नाल्यात गेला. एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जीप थेट दारात आली. धरमसिंगनी खाली उतरून वाटेकडे एकदा पाहिलं आणि देवसिंगला मिठी मारली. लग्न लागलं आणि सासरी निघताना रंजिता बैलावर उभी राहून गायली. तो शहाणा बैल जागचा हलला नाही. मग ती खाली उतरून अनघाच्या गळ्यात पडली. दोघी रडत होत्या आणि मला मात्र नाचावंसं वाटत होतं.

अनघानं मला जमनीकडेच ठेवलं. आता पाऊस सरला की जमनी मला पुसते, तेल लावते आणि चर मोकळा करायला घेऊन जाते. मित्रांनो, तुमच्या घरातली अवजारं अशीच जपा, आणि वर्षातून एकदा तरी आपल्या गावच्या वाटेला हात लावा. वाट बुजायला एक पावसाळा पुरतो, आणि दिवाळीला त्याच वाटेनं कुणाची तरी लेक माहेरी यायला निघालेली असते.