झटपटमावशीचं मागचं दार

“डोळे मीट, तोंड उघड. आणि पापणीच्या फटीतून बघायचं नाही हं, मला सगळं दिसतं!”

वहिनी स्वयंपाकघराच्या मागच्या दारात, उंबऱ्यावर बसली होती. मांडीवर बिस्किटांच्या गोळ्यांचं पातेलं आणि समोर पायऱ्यांवर शाळेतून परस्पर आलेली गल्लीतली पोरं. दप्तरांचा भिंतीशी ढीग. मी आत टेबलाशी चहा पीत होते. टेलिफोन ऑफिसातली सकाळची पाळी संपवून नुकतीच आले होते आणि कानात अजून लोकांचे हॅलो वाजत होते.

पोरांच्या मागे, सगळ्यांत शेवटी, एक मुलगी उभी होती. समोरच्या घरात दोघी मायलेकी नुकत्याच भाड्याने राहायला आल्या होत्या. आई चष्म्याच्या दुकानात कामाला जायची. मुलीचं नाव कुणी धड विचारलंच नव्हतं. पोरं तिला ‘नवी’ म्हणायची, म्हणून आम्हीही नवी म्हणू लागलो.

तिचा नंबर आला तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत. पातेल्यात वाकून बघत तिने विचारलं, “ह्यात काय आहे?”

पोरं खो खो हसली. “अगं, तेच तर ओळखायचंय!” “हिला खेळच माहीत नाही!”

वहिनीही हसली. “सांगितलं तर गंमत काय राहिली? मीट डोळे.”

नवीने एकदा पोरांकडे बघितलं. मग डोळे मिटले, इतके घट्ट की नाकाला सुरकुत्या पडल्या, आणि तोंड उघडलं. वहिनीने एक गोळा अलगद तिच्या जिभेवर ठेवला.

हा खेळ आमच्या घरातला जुना. वहिनी सकाळी एका मोठ्या लाँड्रीत इस्त्री करायला जायची. दुपारी आली की तोंडावर पाणी मारायचं आणि घरात असेल नसेल त्यातून पोरांसाठी काहीतरी करायचं, हा तिचा नेम. शिळा ब्रेड दूधसाखरेत बुडवून तव्यावर परतलेला, कागदासारख्या पातळ बटाट्याच्या चकत्या, मक्याच्या लाह्यांवर ओतलेला साखरेचा पाक. चहाला आधण येईपर्यंत तिचा पदार्थ बशीत. पोरांनीच तिचं नाव झटपटमावशी ठेवलं होतं. माझा दादा म्हणायचा, “पाहुणा बूट काढेपर्यंत हिची बशी समोर. त्या बिचाऱ्याला वाटतं, आपलीच वाट बघत होते!” प्रत्येक पदार्थात ती एक चोरटी वस्तू घालायची. कधी लिंबाची किसलेली साल, कधी दालचिनी, कधी चिमूटभर मिरी. जो ओळखेल त्याला पातेलं चाटायला मिळायचं. स्वतःच्या मुलाला तिने असंच भरवून वाढवलं. तो नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला, तेव्हा त्याचा खेळ गल्लीच्या वाट्याला आला.

त्या दिवशीची चोरटी वस्तू होती भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट.

“खोबरं!” “बदाम!” पोरांचा कालवा चालला होता. “छे, बदाम कुठले! दाणे आहेत, दाणे!”

नवीने खाडकन डोळे उघडले. ती वहिनीकडे बघायला लागली. ती नजर मी अजून विसरलेले नाही. ओळखीच्या माणसाने जिन्यावरून ढकलून द्यावं आणि आपण पडता पडता त्याच्याकडे वळून बघावं, तशी. तिने तोंडातलं हातावर थुंकलं, पण बरंचसं पोटात गेलं होतं.

“मला नाही चालत,” ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता.

“काय नाही चालत, बाळा?” वहिनी अजून हसतच होती.

मग तिचे ओठ सुजायला लागले. आमच्या डोळ्यांदेखत. आधी खालचा, मग वरचा. गळ्यावर लाल गांध्या उठल्या. ती श्वास घ्यायला गेली आणि तिच्या छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज आला. पोरं हसायची थांबली. त्यांतलं एक रडायला लागलं.

वहिनीच्या मांडीवरचं पातेलं पायऱ्यांवरून गडगडत खाली गेलं. तिने नवीला उचलून खांद्यावर टाकलं आणि अनवाणीच धावत सुटली. वहिनी धावताना मी कधी बघितली नव्हती. चांगली भरल्या अंगाची बाई. मी मागून ओरडत होते, “डॉक्टर आहेत का बघा! अहो, कुणीतरी पुढे जा!” गल्लीच्या तोंडाशी दवाखाना होता. वहिनीने बाकावरच्या पेशंटांकडे बघितलंसुद्धा नाही. खांद्याने दार ढकलून ती सरळ आत घुसली.

डॉक्टर कुणाचा तरी कान तपासत होते. नवीकडे बघताच त्यांनी हातातलं टाकलं. “काय खाल्लं हिनं?”

“बिस्किटं. दूध. साखर. दाण्याचं कूट,” वहिनी म्हणाली. “सगळं ताजं होतं हो, डॉक्टर. दाणे आजच भाजले मी.”

“ताज्याचा प्रश्न नाही,” डॉक्टर म्हणाले आणि सुई भरू लागले.

अ‍ॅलर्जी हा शब्द तेव्हा आमच्या गल्लीत कुणी ऐकला नव्हता. अंगावर पित्त उठतं, एखाद्याला वांगं सोसत नाही, एवढंच आमचं ज्ञान. साध्या दाण्याने चालतंबोलतं मूल मरू शकतं, असं कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्यालाच वेड्यात काढलं असतं.

नवीची आई आली ती दुकानातला पांढरा कोट घालूनच. कुणीतरी पोरगं तिला बोलवायला गेलं होतं. तोवर शिट्टी थांबली होती आणि नवी डोळे मिटून पडली होती, पण तिची छाती संथ खालीवर होत होती. आईने तिच्या पायाला हात लावला, तो गरम आहे हे बघितलं, आणि मग भिंतीला पाठ घासत ती जमिनीवर बसली.

“तिला सांगून ठेवलंय मी,” ती कुणाकडेच न बघता म्हणाली. “आधी विचारायचं, मग खायचं. रोज सांगते. विचारलं नसेल तिनं.”

“विचारलं होतं,” वहिनी म्हणाली.

आईने मान वर केली.

“विचारलं होतं हो तिनं. मी हसले.”

डॉक्टरांनी पाठ फिरवून नळ सोडला आणि हात धुतले, आधीच धुतलेले.

भांडायला कुणी आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटतं. शेजारीण फक्त कुंपणावरून म्हणाली, “तुझं काय चुकलं गं? हल्लीची पोरंच नाजूक. आमच्याला तू काहीही घाल, दगडसुद्धा पचवेल.” पण दुसऱ्या दिवसापासून तिचा तो दगड पचवणारा मुलगाही शाळेतून सरळ घरी जायला लागला. आमच्या मागच्या पायऱ्या रिकाम्या पडल्या.

वहिनीने दाण्यांचा डबा कचऱ्यात टाकला. फळी सोड्याने धुतली, पुन्हा धुतली, मग पुसायचं कापडच जाळून टाकलं. त्यानंतर ती दोन वेळचा स्वयंपाक तेवढा करायची. दादा एकदा चहाबरोबर म्हणाला, “काहीतरी कर ना झटपट.” तिने त्याच्यापुढे ब्रेडचा अख्खा पुडा ठेवला आणि ती बाहेर गेली. दादाने माझ्याकडे बघितलं. “मी काय गुन्हा केला?”

“तू गप खा,” मी म्हणाले.

भांडी घासता घासता ती मध्येच थांबायची आणि म्हणायची, “विचारलं होतं गं तिनं.” उत्तर नको असायचं. पुढे तिला नातू झाला, मांडीवर खेळला, मोठा झाला. त्याला तिने वाटीत दिलं, बशीत दिलं, पण स्वतःच्या हाताने घास कधी भरवला नाही. सुनेला वाटायचं सासूबाई फार स्वच्छतेच्या आहेत.

पण ते फार पुढचं. त्या प्रसंगानंतर काही आठवड्यांनी, एका सुटीच्या दुपारी, नवीची आई आमच्याकडे आली, मागच्या दाराने. नवी तिच्या पाठीआड होती. पोरीची मान काडीसारखी बारीक झाली होती. वहिनी ओट्याशी उभी होती.

“ताई, बोलू का थोडं?” आई म्हणाली. “ही जेवत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे जेवतच नाही. ब्रेड दिला तर कुस्करून बघते. भाताची शितं वेगळी करते. पाणी देते ना, पाणी, तेसुद्धा आधी हुंगते. बाहेरचं सोडा हो, मी केलेलं खात नाही. मी! रडले, रागावले, एक ठेवून पण दिली. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर हॉस्पिटलात नळी घालावी लागेल.”

“मग माझ्याकडे काय?” वहिनीचा आवाज फुटला. “माझ्याकडे कशाला आणलंत तिला?”

“तीच म्हणाली काल, म्हणून. मी विचारलं, अगं मी तुझी आई, मी तुला खोटं सांगेन का? तर म्हणते कशी, मोठी माणसं खोटं नाही बोलत. मोठी माणसं हसतात.”

वहिनीने ओट्याची कड धरली. मला वाटलं, पडते आता. मी खुर्चीतून उठलेसुद्धा. पण ती पडली नाही. ती नवीशीच बोलली, आईला ओलांडून.

“नवे, ते स्टूल ओढ इकडे.”

नवी हलली नाही.

“हे बघ माझे हात.” वहिनीने दोन्ही हात पुढे करून दाखवले आणि पाठीमागे नेले. “गेले. मी कशालाही शिवणार नाही. तू करायचं. मी नुसती बोलणार.”

“दाणे कुठे आहेत?” नवीने विचारलं.

“घरात नाहीत.”

“खरं?”

वहिनी हसली नाही. “शोध. सगळं घर तुझं.”

आणि नवीने शोधलं. फळीवरचा प्रत्येक डबा तिने काढला, झाकण उघडलं, नाक घातलं, बोट घालून ढवळून बघितलं. ओट्याखाली वाकून बघितलं. माझ्या पर्ससमोर उभी राहिली, तेव्हा मी तीही मुकाट्याने टेबलावर उलटी केली. आई म्हणाली, “पुरे गं आता.” वहिनी म्हणाली, “बघू दे तिला.”

शेवटी नवी स्टुलावर चढली.

“केळं सोल. कुस्कर. हातानंच, काट्याचमच्याचं काही काम नाही. आता पीठ घाल.”

“किती?”

“घालत राहा. चिखल झाला की थांब.”

चिखल फार पातळ झाला. “आता?” नवीने विचारलं. “तुला काय वाटतं?” वहिनी म्हणाली. नवीने आणखी पीठ घातलं, अर्धं ओट्यावर सांडलं, मग चिमूटभर साखर टाकली. एरवी वहिनीने हा पदार्थ बोलता बोलता केला असता. त्या दुपारी उन्हं भांड्यांवरून सरकून पार दारापर्यंत गेली. आईने गॅस पेटवून तवा ठेवला आणि नवीने हुंगून ठेवलेल्या डब्यातलं तूप त्यावर सोडलं. नवी चमच्याने त्यावर मिश्रण सोडायला लागली आणि तूप तडतडलं. तिचं मनगट तव्याच्या कडेच्या अगदी जवळ गेलं तेव्हा वहिनीचे खांदे झटकन पुढे आले. हात मात्र आले नाहीत.

“कोपर वर कर,” ती म्हणाली. “आणखी वर. हां.”

एक करपला, एक फाटला, दोन बरे झाले. नवीने त्यांतला एक फुंकून फुंकून गार केला. कडेचा कण तोडला आणि तोंडात ठेवला. गिळला. मग तिने स्वतःच्या गळ्यावर हात धरला आणि ती थांबली. आम्ही तिघी बायका त्या गळ्याकडे बघत होतो. तवा धुरायला लागला, तरी कुणी गॅस बंद करायला पुढे झालं नाही.

नवीने दुसरा घास घेतला, आता मोठा.

“गोड कमी झालंय,” तिने भरल्या तोंडाने सांगितलं.

“तूच साखर कमी घातलीस,” वहिनी म्हणाली.

“मग पुढच्या वेळी जास्त घालीन.” आणि तिने करपलेला उचलला.

आई भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी गॅस बंद केला. नवीने चारही संपवले, बोटं फ्रॉकला पुसली आणि स्टूल जागेवर नेऊन ठेवलं. जाताना आईने नुसतीच मान हलवली आणि मुलीचा हात धरून ती पायऱ्या उतरली.

दार लोटल्यावरच वहिनीने हात पाठीमागून पुढे घेतले. इतका वेळ तिने डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरलं होतं. तिथे तिच्याच चार बोटांचे लालभडक वळ उठले होते आणि एका ठिकाणी नखाने कातडी फाटली होती.

“अगं, रक्त येतंय,” मी म्हणाले.

वहिनीने मनगटाकडे बघितलं, बाही खाली ओढली आणि तवा घासायला घेतला.