तिसऱ्या मुखड्यानंतरचं वळण

ताईने नाकाने ‘सूंऽ’ करून श्वास ओढला आणि दोघींचे हात एकाच क्षणी पट्ट्यांवर पडले.

दोन मोठे पियानो कुशीत कुशी घालून ठेवलेले. एकाचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं, दुसऱ्याचं वर उघडलेलं, आणि दोन टोकांना समोरासमोर दोघी बहिणी. मध्ये एवढं लाकूड असल्यामुळे वाजवताना दोघींनी आयुष्यभर एकमेकींचं नाकाच्या वरचंच तोंड पाहिलं होतं. खाली ताई हसते आहे की दात-ओठ खाते आहे, हे धाकटीला कधी कळलं नाही. कळायची गरजही नव्हती. सगळा संसार त्या एका ‘सूंऽ’वर उभा होता. ताईला सर्दी झाली की आयोजक घरी काढा पाठवायचे.

आज सर्दी नव्हती. आज दुसरीच भीती होती आणि ती दोन पियानो आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या त्या कॉन्चेर्तोच्या पहिल्याच भागात, तिसऱ्या मुखड्यानंतर दबा धरून बसली होती.

तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या रचनाकाराने दोन वादकांसाठी लिहिताना एक खोडी करून ठेवली होती. तोच मुखडा पुन्हापुन्हा येतो. उंच इमारतीत प्रत्येक मजल्यावर तोच दरवाजा, तेच पायपुसणं, तीच घंटा असावी, तसा. दार उघडलं की घर मात्र वेगळं. दुसऱ्या मुखड्याच्या दारातून गेलं की आपण फिरून तिसऱ्याशी येतो. तिसऱ्याच्या दारातून गेलं की शेवट. आणि तिसऱ्याला दुसऱ्याचं दार उघडलं, तर पुन्हा तिसरा. असं कितीही वेळ चालू शकतं. कुणी मध्ये येऊन हात धरेपर्यंत, किंवा भूक लागेपर्यंत.

तिसरा मुखडा आला. समोरून अगदी बारीकसा ‘सूंऽ’ आला आणि दोघी दुसऱ्याच्या दारात शिरल्या.

ताईसोबत जायचं, हे धाकटीला लहानपणीच शिकवलं होतं. रस्ता ओलांडताना आणि वाजवताना. पुन्हा तिसरा मुखडा. पुन्हा तेच दार. त्यानंतरच्या खेपेला ताईने हात उचलले.

“माझं चुकलं गं,” ताई म्हणाली.

“होतं असं.”

“वय झालं.”

“तुझं कसलं वय? माझ्याहून तीन वर्षांनी तर मोठी आहेस.”

“तेच म्हणतेय,” ताई म्हणाली आणि चष्मा पुसत बसली. चष्मा स्वच्छ होता.

धाकटीने रुमाल काढून आपल्या पट्ट्या पुसायला घेतल्या. काळ्या आधी, मग पांढऱ्या. शनिवारी कार्यक्रम होता. कुणीतरी ताईला सांगायला हवं होतं की आता बस झालं. ते कुणीतरी म्हणजे आपण, हे धाकटीला ठाऊक होतं आणि म्हणूनच पट्ट्या इतक्या लख्ख निघत होत्या.

लोक फार चांगले होते, ही एक गोष्ट खरी. गेल्या आठवड्यात वाद्यवृंदाबरोबर तालीम झाली, तेव्हाही हेच झालं. ताई चुकीच्या दारात शिरली, मागोमाग धाकटी, आणि मागोमाग व्हायोलिनं, चेलो, सगळी वरात. एकही जण अडखळला नाही. संचालकाने काठी अशी फिरवली, जणू घरून हेच ठरवून आला होता. मधल्या सुट्टीत एक व्हायोलिनवाली धाकटीकडे बघून डोळे टिपत होती. धाकटीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

“सांभाळून घेतलंत हो तिला,” धाकटी म्हणाली. “उपकार झाले.”

त्यावर ती जास्तच रडायला लागली. हल्लीची मुलं हळवी असतात.

भावजींचंही तसंच. ताईचा नवरा दातांचा डॉक्टर. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडात घालवून आता निवृत्त. घरात बसून कंटाळत असणार, म्हणून हल्ली रोज तालमीनंतर धाकटीला घरी सोडायला गाडी घेऊन यायचे. घर दोन गल्ल्या पलीकडे.

“मला रस्ता माहीत आहे, भावजी.”

“मला कुठे माहीत आहे? तुम्ही शेजारी बसा आणि दाखवा.”

आणि खरोखरच, कधी कधी चौकात गाडी थांबवून ते विचारायचे, “आता कुठे, मेव्हणीबाई?” धाकटी हात करी. ते थोडा वेळ तिच्या हाताकडे बघत आणि भलत्याच बाजूला वळत. तरी दर वेळी घर यायचं. म्हातारपणी माणसं किती हट्टी होतात, पण नशीबवान असतात, असं तिला वाटे.

स्मरणशक्तीच्या डॉक्टरांचं नाव मात्र ताईनेच काढलं होतं.

“माझ्याबरोबर येशील? मला एकटीला भीती वाटते.”

धाकटी गेली. मोठ्या बहिणीला भीती वाटते, हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. डॉक्टर तरुण होता. त्याने दोघींना एकेक कोरा कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं. धाकटीने सोबत म्हणून काढलं. ताईला परीक्षेला बसल्यासारखं वाटायला नको. तिचं घड्याळ देखणं झालं. आकडे सगळे उजव्या बाजूला जरा दाटीवाटीने उभे होते, पण गोल काय सुरेख होता! डॉक्टरने ताईचं घड्याळ तिला परत दिलं. धाकटीचं ठेवून घेतलं.

“बघ,” बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, “त्याला आवडलं.”

ताईने धाकटीच्या कोटाचं वरचं बटण लावलं. मग खालचं लावलं. मग लावलेली दोन्ही काढून नीट भोकांत बसवली.

आता शनिवार तोंडावर आला होता. धाकटीने कालच मनाशी ठरवून कपाटातून स्वरलिपीचं जुनं पुस्तक काढलं होतं. दोघी पाठच वाजवायच्या. पुस्तक समोर ठेवणं ताईला पोहताना टायर लावण्यासारखं वाटायचं. पण आज धाकटीने ते पिशवीतून आणलं होतं. नेमक्या कुठल्या सुरावर ताईची वाट सुटते ते बघायचं, तिथे बोट ठेवायचं आणि तिला हळूच दाखवायचं. तोंडाने सांगणं जिवावर येतं. बोटाने जमलं असतं.

तिने पुस्तक स्टँडवर उभं केलं.

“हे काय?” पलीकडून ताईचे डोळे वर आले.

“असंच. नजरेला चाळा.”

ताईने चष्मा वर सरकवला. नाकाच्या खाली काय चाललं होतं, कोण जाणे.

“ठेव,” ती म्हणाली.

सूंऽ.

सुरुवात सुरेख झाली. ताईने प्रश्न टाकावा, धाकटीने तिथल्या तिथे उत्तर द्यावं. ताईने पळावं, धाकटीने गाठावं. पुस्तकात वर ताईची ओळ, खाली धाकटीची. पहिला मुखडा गेला. दुसरा गेला. पान तिने डाव्या हाताने झटकन उलटलं. तिसरा आला आणि तिने नजर वरच्या ओळीवर रोखली. आता पकडायचं.

वरच्या ओळीत काहीच नव्हतं.

म्हणजे विसाव्याची खूण होती. तिसऱ्या मुखड्यानंतर ताईने हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं होतं. पहिलं पाऊल दुसऱ्या पियानोचं, धाकटीच्या पियानोचं होतं, एकट्याचं. खालच्या ओळीत सूर जिना चढत होते, स्वच्छ छापलेले, मुंगीलाही वाचता आले असते.

धाकटीचा उजवा हात जिना उतरू लागला.

तिने हाताकडे पाहिलं. हात आपला, अंगठी आपली. बोटं अगदी मजेत, सफाईने खाली चालली होती. समोरून तो बारीकसा ‘सूंऽ’ आला. वाट दाखवणारा नव्हताच तो. ही आता कुठे जाते, हे बघून मागोमाग उडी मारण्यापूर्वी माणूस घेतो, तसला श्वास. आणि ताई अचूक तिच्या मागे आली. जरासुद्धा उशीर नाही.

धाकटी वाजवत राहिली. थांबावं कसं, हे तिला सुचेना. पान उलटायचं नव्हतं. पान बरोबर होतं, त्या पानावर तीच नव्हती. मुखडा आला. ह्या खेपेला तिने डोळे फाडून खालच्या ओळीकडे पाहिलं, वर, वर, मनात म्हणाली, आणि हात खाली गेला. सूंऽ. ताई आली.

मग ताईने हात उचलले.

“माझं चुकलं गं,” ताई म्हणाली.

खिडकीबाहेर भावजींची गाडी येऊन उभी राहिली. त्यांनी हॉर्न दिला नाही. कधीच देत नसत.

धाकटीने पुस्तक मिटलं आणि पायाशी ठेवलं. रुमाल शोधला, तो मांडीवरच होता.

“ताई.”

“काय गं?”

“शेवटचा भाग वाजव ना. तुझ्या एकटीचा. नीट बसलाय का, बघते.”

ताईने वाजवला. एकटीचा. दोघींच्या गप्पांतलं एकीचंच बोलणं. एक वाक्य, मग रिकामी जागा. अर्धं वाक्य, मग मोठी रिकामी जागा. त्या जागा ताई मनात मोजत होती, मान किंचित हलवत, एकही न गाळता. धाकटी हात मांडीवर ठेवून त्या जागा ऐकत होती. तिथे काय यायचं ते तिला आठवत नव्हतं. फार सुंदर असणार, एवढं कळत होतं.

शेवटचा सूर तारांत विरेपर्यंत दोघी बसून राहिल्या.

“बरोबर आहे का?” ताईने विचारलं.

“बरोबर आहे. तुझं सगळं बरोबर आहे.”

लाकडाच्या वरच्या कडेला ताईचे डोळे होते. बाकीचं तोंड दिसत नव्हतं.

“शनिवारी कसं करायचं गं?” ताई म्हणाली.

“कसं म्हणजे? तू चुकलीस तर मी आहे ना मागे.”

“हो,” ताई म्हणाली. “तू आहेस म्हणून तर.”

पुढे तिला काही बोलायचं असावं. पण बोलण्याऐवजी तिने नाक ओढलं, ‘सूंऽ’ करून. रडताना कुणीही ओढतं तसं.

धाकटीचे हात वर गेले आणि बरोबर वेळेवर पहिल्या मुखड्यावर पडले. ताईचेही.