सहा टेकड्या आणि एक फुटका डफ

मी एक जुना डफ आहे. जुना म्हटलं म्हणून हळहळू नका, मित्रांनो; मला कीव केलेली खपत नाही. माझं कडं अक्रोडाच्या लाकडाचं, त्यावर बकरीचं कातडं आणि कातड्यामागे ताणलेल्या आतड्याच्या दोन ताती. थाप पडली की त्या गुरगुरतात. मेकनेस शहरात मोठ्या वेशीसमोरच्या मैदानात मी एकतीस वर्षं बा हम्मादींच्या हातात गुरगुरलो.

बा हम्मादी मुलांना गोष्टी सांगत. तिसऱ्या प्रहराची नमाज झाली की ते झारीने जमिनीवर पाण्याचं रिंगण काढत आणि त्याभोवती पोरांचं कोंडाळं जमे. त्यांची एक खोड होती. गोष्टीतला माणूस पुरता गाळात रुतला की ते थांबत आणि मला एखाद्या बुजऱ्या पोराच्या मांडीवर ठेवत. "बोल, आता यानं काय करावं?" पोराने वाट काढली, तर थाप मारायचा मान त्याचा. "घरी जावं," असं कुणी म्हटलंच तर बा म्हणत, "मग मी तरी कशाला बसू?" आणि खरोखर पायात चपला सरकवू लागत. घाबरत घाबरत मारलेल्या कितीतरी पहिल्या थापा मी झेलल्या आहेत. त्यातली एकही मी विसरलेलो नाही.

कणसं भाजणाऱ्या लल्ला तामूची मुलगी इत्तो रोज त्या कोंडाळ्यात असे. दमट हवेत माझं कातडं सैल पडतं, म्हणून वाजवण्याआधी मला तामूच्या शेगडीवर शेकवावं लागे. ते काम इत्तोचं.

त्या हिवाळ्यात बांचा आवाज बसला तो बसलाच. जुन्या वस्तूंच्या दुकानाचा मालक बुश्ता लगेच हजर झाला. "बा, द्या तो डफ मला. रंगवून भिंतीवर टांगतो. पाहुणे फोटो काढतील."

मित्रांनो, माझ्या ताती संतापाने ताठ झाल्या. मी काय शोभेचं ताट आहे?

"गोष्ट मी सांगते," इत्तो म्हणाली.

"तू? कणसं विकताना तुझा आवाज शेजारच्या गाड्यापर्यंत जात नाही," बुश्ता हसला.

बांनी घोगऱ्या आवाजात निवाडा दिला. "उद्या सांग. कोंडाळं शेवटपर्यंत टिकलं तर डफ तुझा. मोडलं तर बुश्ता, तू आणि तुझी भिंत."

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. इत्तोने मला शेगडीवर धरलं. शेकताना डफ नुसता बघायचा नसतो, टिचकी मारून ऐकायचा असतो. इत्तोला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण तिचे ओठ गोष्ट घोकत होते आणि कान माझ्याकडे नव्हतेच. माझं कडं करपलं, तरी तिला कळलं नाही.

ती रिंगणात उभी राहिली आणि तिने पहिलीच थाप मारली. मी या कडेपासून त्या कडेपर्यंत फाटलो.

मैदान खदखदून हसलं. "चला, डफ फुटला, गोष्ट आटोपली," बुश्ता म्हणाला. मागची माणसं पांगू लागली. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायला कातडं कुठे होतं?

"डफ फुटलाय, काका," इत्तो म्हणाली. "माझं तोंड शाबूत आहे."

तिने मला उलटं धरलं आणि बोटांनी माझ्या कड्यावर ठोका दिला. टक्. एका बर्फाळ गावातली आग विझली होती. तुदा नावाची मुलगी सहा टेकड्या ओलांडून पलीकडच्या गावी गेली आणि मडक्यात निखारे घेऊन परत निघाली. पाच टेकड्या मागे पडल्या. सहावीच्या माथ्यावरून गाव दिसू लागलं आणि तिथेच निखारे विझले.

इत्तो थांबली. तिने मला सगळ्यात पुढच्या, नाक पुसणाऱ्या पोराच्या मांडीवर ठेवलं. "बोल, आता तिनं काय करावं?"

त्याने बोटाने माझं कडं चाचपलं. मग पुटपुटला, "परत जावं, निखारे आणायला."

"सहा टेकड्या?" बुश्ताने टोमणा मारला. "कोण जाईल रे?"

"तुदा जाईल," पोरगं जोरात म्हणालं आणि त्याने माझ्या कड्यावर ठोका दिला. टक्. ती पहिली टेकडी. दुसरीला दहा पोरांनी जमिनीवर हात आपटले. जाताना सहा, येताना सहा. पांगलेली माणसं मागे वळली. शेवटच्या टेकडीला तर लल्ला तामूही चिमट्याने शेगडी बडवत होती आणि तिची कणसं जळत होती.

कोंडाळं टिकलं. बांनी पाण्याची झारी इत्तोच्या हातात दिली. मग म्हणाले, "शेकताना ऐकत जा गं, गाढवे." बुश्ता दुकानात गेला.

आता माझ्यावर नवं कातडं आहे, पण कडं तेच, करपलेलं. कुणी पोर "मला नाही जमणार" म्हणालं की इत्तो त्याचं बोट त्या काळ्या डागावर ठेवते.

तेव्हा मित्रांनो, मला जपून ठेवा अशी विनवणी मी करणार नाही. जपून ठेवलेले डफ बुश्ताच्या भिंतीवर पुष्कळ आहेत. मला वाजवा. फुटलो तर कडं वाजवा. आणि उद्या परत मढवा.