तीन फेऱ्यांची गाठ

"अकरा आहेत," वीरेंद्र म्हणाला आणि पेढ्यांचा जुना डबा त्यानं टेबलावर उघडून ठेवला. "सगळ्या या पंधरवड्यात गच्चीवर सापडल्या. टाकीच्या मागं."

डब्यात बिड्यांची थोटकं होती. रविवारची सकाळ होती. इमारतीच्या पार्किंगमध्ये सोसायटीची सभा भरली होती. वीरेंद्र सचिव, म्हणून खुर्ची सोडून तो उभा होता. तुमसरच्या राइस मिलांचा कोंडा वाऱ्यावर येऊन स्कूटरींच्या सीटवर बसत होता, त्याबद्दल मात्र कुणाची तक्रार नव्हती.

विमलाबाई मागच्या ओळीत खांबाला टेकून बसल्या होत्या. अड्याळ सोडून लेकाच्या घरी, तिसऱ्या माळ्यावर राहायला येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. सभेला मात्र त्या आज पहिल्यांदा आल्या होत्या. नियमावली त्यांच्या प्रफुल्लनं लिहिली होती. तो शाळेत मास्तर, अक्षर देखणं. लेक चारचौघांत वाचणार, ते ऐकायला आल्या होत्या.

"नियम तिसरा," प्रफुल्लनं वाचलं. "जिना, गच्ची, पार्किंग, गॅलरी, यांपैकी कुठेही बिडी-सिगारेट ओढू नये. ओढायचीच असल्यास मागे, पंपाच्या खोलीपलीकडे."

"माह्या पोरीले दमा आहे," वीरेंद्रची बायको दामिनी म्हणाली. "आमचा माळा गच्चीखालचा. धूर उतरला का तिची छाती भरून येते. मी कोनाचं नाव नाही घेत. पण गच्चीची चावी कोनापाशी असते, सगळ्याइले माहीत आहे."

माना गेटकडे वळल्या. चौकीदार टेकचंद टोपी हातात घेऊन उभा होता.

"मी तंबाखूचा खर्रा खातो, ताई. बिडी नाही पेत," तो म्हणाला. "पंपाजवळचा लाल कोपरा माहाच आहे, त्याले नाही म्हनत नाई."

हसू पिकलं. वीरेंद्र हसला नाही. "मंग चावी कोनाले देतं तू?"

टेकचंदनं टोपी डोक्यावर चढवली.

"नाही सांगत तं उद्यापासून दुसरा मानूस पाहू आम्ही. पाहा ना प्रफुल्लभाऊ, बिडीवर लेबल पन नाही. खेड्यातला हातचा माल आहे. याच्याच गावाकडचा असन."

प्रफुल्लनं टेबलाकडे वळून डब्यातून एक थोटूक उचललं.

विमलाबाईंनी मान उंच करून त्याच्या बोटांकडे पाहिलं. अड्याळच्या ओसरीवर तीस वर्षं त्यांनी बिड्या बांधल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, आजूबाजूला पाच-सहा बायका. बाकीच्या धाग्याचे दोन फेरे देत, विमलाबाई तीन देत आणि उरलेलं टोक नखानं आत दाबत. माल घ्यायला येणारा मुनीम चिडे, "विमला, धागा काय तुह्या बापाचा आहे का?" पण त्यांची बिडी कधी सुटली नाही. त्याच सुपाशेजारी बसून प्रफुल्ल पाढे शिकला. साऱ्या बायकांच्या बिड्या एका ढिगात कालवल्या तरी आईची तेवढी तो निवडून काढी.

बायका गात. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची.

*हजार बिड्यांले हजार गं गाठी...*
*एक नाही गाठ माह्या मनासाठी.*

शकुबाई नेहमी दुसरी ओळ उचली. शकुबाई गेली, ओसरी मोडली. गावाहून आणलेलं पानं, तंबाखू आणि धाग्याचं एक गाठोडं तेवढं विमलाबाईंच्या पेटीत होतं. त्यातून दिवसाला एक बिडी बांधायची. पाच वाजता टेकचंदकडून चावी घ्यायची, गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून बसायचं. त्या बाजूला अड्याळ. धुराबरोबर पहिली ओळ म्हणायची आणि थांबायचं. दुसरी ओळ दोन वर्षांत कुठून आली नव्हती, आणि आपली आपण म्हणायची त्यांची रीत नव्हती.

प्रफुल्लचं नख धाग्यावरून फिरलं. एक फेरा. दुसरा. मग तिसऱ्यावर थांबलं. मागून त्यांना लेकाचे फक्त कान दिसत होते. ते लाल झाले.

त्यानं थोटूक डब्यात टाकलं, रुमालाला बोटं पुसली.

"पुढे वाचतो," तो म्हणाला. "नियम चौथा."

"थांब, प्रफुल्ल."

विमलाबाई खांबाला धरून उठल्या होत्या.

"त्या माह्या बिड्या होत. टेकचंदभाऊले कायले बोलता? त्याले म्याच शपथ घातली होती, कोनाले सांगू नको म्हनून."

कुणीतरी खुदकन हसलं. सून तृप्ती मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागली.

"काकू, तुम्ही?" दामिनी म्हणाली.

"पोरीचं मले ठाऊक नव्हतं, माय. ठाऊक असतं तं वर चढली नसती. आता नाही चढत." मग त्या टेबलाशी आल्या. "नियमाच्या सहीचा कागद द्या."

"एका फ्लॅटची एकच सही असते, काकू," वीरेंद्र चाचरत म्हणाला. "प्रफुल्लभाऊची झाली आहे."

"बिडी पेनारी या बिल्डिंगमंधी मी एकटीच. नियम मलेच पाळाचा आहे ना? मंग सही माही पाहिजे."

प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही त्यांनी लेकाच्या सहीखाली केली. वेळ लागला. सगळे थांबले.

दुपारी जेवताना प्रफुल्ल म्हणाला, "मले आधी सांगाचं होतं, माय."

"तुले ओळखू नाही आली का रे?"

त्यानं पेल्यातलं पाणी संपवलं. मग म्हणाला, "मागं एक खुर्ची ठेवाले सांगतो टेकचंदले."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता विमलाबाई तीन जिने उतरून मागं गेल्या. टेकचंदनं खुर्ची पुसून सावलीत, इमारतीला लागून ठेवली होती. समोर आवाराची भिंत होती, तिच्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. पंप चालू होता, त्याच्या आवाजात पहिली ओळ त्यांची त्यांनाही ऐकू आली नाही.

वारा नव्हता. धूर भिंतीच्या कडेनं सरळ वर चढला. पहिला माळा, दुसरा, तिसरा. तिसऱ्या माळ्यावरच्या त्यांच्याच घराच्या खिडकीत एक हात आला. मनगटावर प्रफुल्लचं घड्याळ होतं. हातानं एक पल्ला ओढला, मग दुसरा.

विमलाबाई मान वर करून पाहत राहिल्या. बिडी अजून अर्धी होती. त्या उठल्या, खुर्ची चार हात पलीकडे ओढत नेली, उन्हात, जिथून धूर खिडकीकडे जाणार नाही. पदर डोक्यावर घेतला आणि बसल्या.